छोट्या बंदरात पहिल्यांदा बोट लावणे : प्रकल्प नोंदी

२ मार्च

ठरलं एकदाचं. महिनाअखेरीस किनाऱ्यावरच्या त्या छोट्या बंदरात बोट घेऊन जायचं, दोन रात्री धक्क्याला लावायची आणि परत यायचं. आपली बोट एरवी बोयावर (तळाला नांगरलेल्या तरंगत्या गोळ्यावर) बांधलेली असते, बोया पकडला की काम संपलं. धक्क्याला लावायची वेळ वर्षभरात दोनदाच आली आणि दोन्ही वेळा वरच्या लोकांनी दोर घेऊन आम्हाला अक्षरशः ओढून घेतलं. मी दोन्ही वेळा "जमलं की" म्हणालो, बायको काही बोलली नाही. तेच लागलं मनाला.

माणसं तीन : मी, बायको आणि भाचा. बोट ८.२ मीटर, शीड आहे, आत डिझेल इंजिन, बंदरात अर्थातच इंजिनवर शिरणार. प्रोजेक्ट काय तर एक कार्ड करायचं, हाताच्या पंजाएवढं, सुकाणूपाशी चिकटवायला. बंदराची खोली चार्टवर (समुद्राच्या नकाशावर) मिळते, भरती-ओहोटी टेबलात मिळते, पण आपली बोट किती बुडते, किती अंतरात थांबते, वाऱ्यात कुठे जाते हे कुठेच छापलेलं नसतं, ते आपलं आपणच मोजायला लागतं आणि आम्ही ते कधी मोजलेलंच नाही.

४ मार्च

ड्राफ्ट, म्हणजे बोट पाण्यात किती बुडते ते, मोजलं. घेताना मिळालेल्या कागदावर १.२ मीटर लिहिलंय आणि आम्ही तेच सगळ्यांना सांगत आलो.

लांब लाकडी पट्टी घेतली, तळाला काटकोनात हातभर दुसरी पट्टी ठोकली, इंग्रजी एल सारखं. छोट्या होडीतून बोटीच्या कुशीला लागलो आणि ती पट्टी पाण्यात सोडून आडवा हात कीलखाली (बोटीच्या तळाच्या सगळ्यात खोल भागाखाली) अडकवला. लाकूड वर यायला बघतं त्यामुळे ते आपोआप कीलला चिकटून बसतं, फक्त पट्टी सरळ उभी धरायची. पाण्याच्या रेषेवर पेन्सिलने खूण. पहिल्यांदा १.३३, मग १.३६, मग १.३५. टाकी भरलेली, डिझेल फुल, नांगराची साखळी पुढे, वर तिघांचं सामान, हे सगळं कागदावरच्या बोटीत नव्हतं ना. कार्डावर १.३५ लिहिलं. वर्षभर १५ सेंटिमीटर खोटं बोलत होतो.

९ मार्च

आजची गोष्ट लिहिताना जरा लाज वाटतेय.

इको साउंडर (आवाजाने खोली मोजणारं मशीन) जो आकडा दाखवतो ते कीलखालचं पाणी असं मी धरून चाललो होतो, का ते माहीत नाही, आधीच्या मालकाने सांगितलं असेल किंवा मीच ठरवलं असेल. आज शांत पाण्यात दोराला शिशाचं वजन बांधून खाली सोडलं, तळाला टेकल्यावर दोर ताठ केला, पाण्याच्या पातळीवर चिमटीत धरून वर घेतला आणि टेपने मोजला. २.५ मीटर. साउंडरवर २.१. तीन जागी तेच, दर वेळी ४० सेंटिमीटरचा फरक. म्हणजे सेन्सर पाण्याखाली ४० सेंटिमीटरवर बसवलाय आणि तो स्वतःपासून तळापर्यंत मोजतो. कील त्याच्याही ९५ सेंटिमीटर खाली. साउंडर १ मीटर दाखवत होता तेव्हा आम्ही "मीटरभर आहे अजून" म्हणून निवांत असायचो आणि खाली खरं तर पाच सेंटिमीटर असायचे. चिखलाला लागलो नाही हे नशीब, दुसरं काही नाही.

मशीनमध्ये ऑफसेट टाकायची सोय आहे. बायकोचं म्हणणं कीलखालचं पाणी दाखवू दे, शून्य म्हणजे लागलो, समजायला सोपं. माझं म्हणणं पाण्याच्या पृष्ठभागापासूनची पूर्ण खोली दाखवू दे, म्हणजे चार्टवरची खोली अधिक भरतीची उंची हा हिशोब आणि समोरचा आकडा थेट ताडून बघता येतो, नाही जुळला की काहीतरी चुकतंय हे लगेच कळतं. बराच वाद झाला. शेवटी माझं ठेवलं पण तिने साउंडरवर लाल टेप लावून १.३५ लिहिलंय, ठळक.

१४ मार्च

उघड्या पाण्यात, आजूबाजूला कोणी नसताना, प्रॅक्टिस. एक जुना फेंडर (बोट धक्क्याला घासू नये म्हणून मध्ये लावायची फुगीर उशी) पाण्यात टाकला आणि त्यालाच धक्का समजलो.

३ नॉट वेगात न्यूट्रल केलं तर बोट थांबायलाच तयार नाही, साठ-सत्तर मीटर सरकत गेली. बंदराच्या आतली जागा चार्टवर मोजली तर जेमतेम तेवढीच आहे. २ नॉटवरून रिव्हर्स मारला तर दीड बोटीच्या लांबीत थांबली. २ नॉट म्हणजे सेकंदाला साधारण एक मीटर, चालत्या माणसाहूनही कमी, ऐकायला काहीच नाही पण दगडी भिंत समोर असेल तर तेवढाही जास्त वाटतो.

दुसरं, पंख्याची (प्रॉपेलरची) ओढ. आपला पंखा पुढे जाताना मागून बघितलं तर घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, रिव्हर्सला उलटा, आणि त्यामुळे रिव्हर्स टाकल्या टाकल्या बोटीची मागची बाजू डावीकडे सरकते. सुकाणू कितीही फिरवा, बोटीला मागे वेग येईपर्यंत ते काही ऐकत नाही. म्हणून डावी कूस धक्क्याला लावायची : भिंतीपाशी थांबण्यासाठी रिव्हर्स टाकला की मागची बाजू स्वतःहूनच आत येते. भाचा म्हणाला, मामा म्हणजे हे फुकटचं पार्किंग असिस्ट. बरोबर आहे, पण ते फुकट नाही हे निघताना कळलं, खाली येईलच.

तिसरं, वारा. बोट थांबली की नाळ (बोटीचं पुढचं टोक) आधी वाहवते, कारण पुढे कील कमी आणि डोलकाठीवर वारा. आज १२ नॉटच्या आसपास वारा होता आणि थांबल्यापासून पंचवीस सेकंदात नाळ पूर्ण आडवी. म्हणजे थांबल्यावर दोर लावायला आपल्याकडे दहा-पंधरा सेकंद, जास्त नाहीत. कार्डावर.

१५ मार्च

दोर. आपल्याकडचे सगळे सहा मीटरचे, पाँटूनला, म्हणजे तरंगत्या धक्क्याला, ठीक, कारण पाँटून पाण्याबरोबर वर-खाली होतो. दगडी धक्का जागचा हलत नाही, बोट हलते. अशा ठिकाणी दोर भरती-ओहोटीच्या फरकाच्या निदान तिप्पट हवा, आखूड बांधला तर ओहोटीला बोट दोरावर लटकते नाहीतर क्लीट (बोटीवरचा दोर बांधायचा खुंटा) उपटून येतो. चार नवीन घेतले, १५ मीटरचे, १४ मिलिमीटर नायलॉन. नायलॉन ताणतो, झटका खातो, बांधायला तोच बरा. पॉलिस्टर कमी ताणतो म्हणून शिडाच्या कामाला. एका टोकाला पक्का फासा विणून घेतला चारही दोरांना. (या फाशाने पुढे घोळ केला.)

फेंडर सहा, आणि दोन फेंडरवर आडवी टाकायला एक जाड फळी. दगडी भिंतीला खाचा आणि खांब असले की नुसता फेंडर खाचेत घुसतो आणि बोट घासते, फळी असली की ती खांबावर टेकते. फळीला भोकं पाडायचं काम भाच्याने केलं, एक भोक वाकडं आहे, चालेल.

२२ मार्च

अमावास्या होऊन दोन दिवस झाले, म्हणजे उधाण जोरात. आज बंदरात गेलो, पण रस्त्याने. मुद्दाम तळाच्या ओहोटीला, टेबलात ०.३ मीटर होती तेव्हा.

अख्ख्या प्रोजेक्टमधला सगळ्यात कामाचा दिवस हाच. चार्टवर धक्का म्हणजे एक सरळ काळी रेघ आहे. प्रत्यक्षात पाणी उतरल्यावर दिसलं की आतल्या शिडीच्या खाली भिंतीच्या पायाचा एक दगडी टप्पा बराच बाहेर आलेला आहे, नितळ पाण्यात अगदी स्पष्ट, शेवाळ धरलेला, साधारण ३० सेंटिमीटर पाण्याखाली. आपण जाणार तेव्हा ओहोटीला पाण्याची उंची १ मीटरच्या आसपास असेल, म्हणजे त्या टप्प्यावर तेव्हा १ मीटर पाणी, आणि आपल्याला लागतं १.३५. त्या शिडीला बोट लावली असती तर रात्री जेवताना कील दगडावर बसली असती आणि बोट बाहेरच्या बाजूला कलंडली असती. बाहेरच्या शिडीखाली टप्पा नाही. फोटो काढले.

धक्क्यावर एक काका जाळं विणत बसले होते. त्यांना विचारलं तोंडावरच्या वाळूच्या दांड्याचं काय, ते म्हणाले, "कागद बघून येऊ नको, किनाऱ्यावरच्या दोन फळ्या एका रेषेत धरून ये, आणि पाणी चढतं असतानाच ये. लागलास तरी पाणी तुला उचलेल." विचारलं उतरत्या पाण्यात लागलो तर? हसले नुसते.

२५ मार्च

गणित. २८ तारखेला जायचं कारण अष्टमी-नवमीच्या पुढे भांग, पाण्याचा फरक कमी, ओढही कमी, शिकाऊ लोकांनी भांगालाच जावं. पण भांगाला भरतीही पूर्ण चढत नाही हे लोक विसरतात. उलट उधाणाच्या भरतीला शिरून कुठे वर टेकलात तर पुढचं उधाण येईपर्यंत दोन आठवडे तिथेच.

ओहोटी ०७:१०, उंची १.१. भरती १३:२०, उंची २.९. फरक १.८. दांड्यावर चार्टची खोली ०.४. आपल्याला हवं १.३५ अधिक ०.६ राखीव, एकूण १.९५, त्यातून ०.४ वजा केले की भरतीची उंची निदान १.५५ पाहिजे. राखीव ०.६ उगाच नाही : लाटेच्या खळग्यात बोट खाली बसते त्याचे ०.३, हवेचा दाब जास्त आहे त्याचे ०.१ (दाब १०१३ च्या वर जितके हेक्टोपास्कल तितके सेंटिमीटर पाणी साधारण कमी, अंदाज १०२३ चा आहे), उरलेले ०.२ माझ्या धास्तीचे.

मग बाराव्या हिश्श्याचा नियम : सहा तासांत पाणी १, २, ३, ३, २, १ अशा बाराव्या भागांनी चढतं. १.८ चा बारावा भाग ०.१५, म्हणजे पहिल्या तासाला १.२५, दुसऱ्याला १.५५, तिसऱ्याला २.०. सव्वानऊला दार उघडतं, आपण सव्वादहाला शिरायचं, तेव्हा जवळपास अर्धा मीटर जास्तीचं पाणी आणि वर अजून तीन तास चढतंय. हा नियम दिवसातून दोनदा नीट भरती येते अशाच ठिकाणी चालतो, सगळीकडे नाही, पण इथे टेबलाशी ताडून बघितला, जुळतो.

भाच्याने बोयांचे रंग पाठ केलेत, आत शिरताना लाल डावीकडे. त्याला सांगितलं की अमेरिका खंडात, जपान, कोरिया आणि फिलिपिन्समध्ये बरोबर उलटं असतं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

२७ मार्च

बंदराच्या ऑफिसला फोन केला. लांबी, रुंदी, ड्राफ्ट, किती रात्री, एवढंच विचारलं त्यांनी. मीच बाहेरची शिडी मागून घेतली, कोणत्या बाजूला फेंडर लावू तेही विचारलं, आणि रेडिओवर कुठल्या चॅनलवर बोलायचं ते. चॅनल १६ वर आधी हाक, मग त्यांच्या चॅनलवर.

संध्याकाळी इंजिन चालू करून सहज मागे वाकून बघितलं तर एक्झॉस्टमधून पाणी नेहमीसारखं फसफसून येत नव्हतं, नुसतं गळत होतं. समुद्राच्या पाण्याच्या पंपाचं झाकण उघडलं. आत रबरी इम्पेलर असतो, पाकळ्यांचा, त्यातल्या दोन पाकळ्या मुळापासून गेलेल्या. नवीन होता तो बसवायला दहा मिनिटं लागली, पण तुटलेल्या पाकळ्या शोधायला दोन तास, कारण त्या पुढे जाऊन पाण्याची वाट अडवतात आणि मग नवा इम्पेलर घालूनही इंजिन तापतं. एक पंपाच्या तोंडाशीच मिळाली. दुसरी पुढच्या पाइपच्या वळणात, स्क्रूड्रायव्हरला तार गुंडाळून काढली. दोन्ही तुकडे जुन्या इम्पेलरला लावून बघितले, जुळले, तेव्हा झाकण लावलं.

२८ मार्च

०९:५० ला तोंडाबाहेर पोचलो. बाहेरच गोल फिरत राहिलो आणि सगळं तयार केलं, फेंडर डाव्या कुशीला, चारही दोर क्लीटला लावून रेलिंगच्या बाहेरून आत घेतलेले, कारण आतून घेतलेला दोर ऐन वेळी रेलिंगमध्येच अडकतो. एक मासेमारी बोट बाहेर येत होती, तिला येऊ दिलं. अरुंद वाटेत प्रत्येकाने आपल्या उजव्या कडेने जायचं हा नियम खरा, पण दांड्यावर खोल वाट एकच होती आणि ती कुठे आहे ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत.

१०:१८ ला शिरलो. किनाऱ्यावर दोन पांढऱ्या फळ्या, एक पुढे खाली, एक मागे वर. दोन्ही एकावर एक दिसल्या की आपण रेषेवर. पाण्याची ओढ आडवी होती त्यामुळे नाळ सरळ फळ्यांकडे असूनही पुढची फळी हळूहळू डावीकडे सरकायला लागली. पुढची फळी जिकडे जाईल तिकडेच बोट वळवायची, एवढंच लक्षात ठेवलं होतं. वळवली, परत जुळल्या. मग नाळ थोडी तिरकीच ठेवून खेकड्यासारखे आत गेलो. बायको साउंडर वाचत होती : २.९, २.६, २.४, २.४, २.३, २.५, २.९. हिशोब २.४ चा होता. त्या २.३ ला कोणी श्वास घेतला नाही बहुतेक.

आत गेल्यावर पहिला प्रयत्न सोडून दिला. भिंतीपासून दोन बोटी अंतरावर वाऱ्याचा झोत आला आणि नाळ गेली. मी रिव्हर्स टाकून बाहेर आलो. भाचा म्हणाला, मामा लोक बघतायत. बघू देत. आधीचा मी असतो तर थ्रॉटल दाबून घुसलो असतो.

दुसऱ्यांदा वीस-पंचवीस अंशात, दीड नॉट, शिडीवर नजर. एक बोट अंतर असताना न्यूट्रल. मग रिव्हर्सचा छोटा झटका, बोट थांबली आणि मागची बाजू आपोआप भिंतीला आली, फेंडर दबल्याचा तो फुस्स आवाज. बायकोने बोटीच्या मधल्या क्लीटचा दोर भिंतीवरच्या कडीतून ओवून परत घेतला आणि बांधला. मधला एक दोर लागला की बोट कुठे जात नाही, बाकीचे तीन सावकाश. कोणी उडी मारली नाही, कोणी पाय मध्ये घातला नाही. तीन टनाची बोट आणि दगड यांच्या मध्ये पाय घालायचा नाही हे कार्डावर पहिलंच वाक्य आहे.

२९ मार्च

सकाळी ओहोटीला मोजलं. हिशोबाने १.९ हवं होतं, साउंडर १.८. बॅरोमीटर १०२३. ते दहा सेंटिमीटर कुठे गेले ते कळल्यावर फारच बरं वाटलं. दोर रात्री एकदाच थोडे सैल केले. फळी खांबाला टेकून काम करतेय, वाकड्या भोकासकट.

३० मार्च

निघायचा दिवस आणि वारा नेमका धक्क्यावर ढकलणारा. चढतं पाणी संपायच्या आत दांडा ओलांडायचा होता, कारण ओहोटीचं पाणी बाहेर धावतं आणि समोरून लाट येते तेव्हा दांड्यावर लाटा उभ्या राहून फुटतात.

इथे ते फुकटचं पार्किंग वसूल झालं. डावी कूस भिंतीला, आणि रिव्हर्स टाकला की मागची बाजू परत भिंतीतच घुसते. म्हणून स्प्रिंग : नाळेवरून एक दोर मागे, भिंतीच्या मधल्या कडीतून ओवून परत नाळेवर. नाळेला सगळ्यात जाड फेंडर. सुकाणू भिंतीकडे, इंजिन हळू पुढे. दोर बोटीला पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे नाळ फेंडरवर टेकून राहते आणि मागची बाजू भिंतीपासून सुटते. पंख्याची अशी ओढ नसती तर वीस अंश पुरले असते, आम्ही पंचेचाळीसपर्यंत थांबलो कारण पंखा त्यातले बरेच परत खाणार. मग भोंग्याचे तीन छोटे आवाज, म्हणजे मी रिव्हर्समध्ये आहे, आणि मागे निघालो.

आणि नाळेला झटका बसला. भाच्याने दोराचं साधं टोक क्लीटवर ठेवलं आणि फासा असलेलं टोक सोडलं, आणि तो फासा कडीत जाऊन बसला, घट्ट. चूक त्याची नाही, कुठलं टोक सोडायचं हे मी सांगितलंच नव्हतं. न्यूट्रल केलं. वारा आम्हाला परत भिंतीकडे ढकलायला लागला. जाळंवाले काका उठले, चार पावलं चालत आले, फासा एका बोटाने उचलून पाण्यात टाकला आणि परत जाऊन बसले. मी हात केला, त्यांनी नुसती मान हलवली. पुन्हा स्प्रिंग लावायला जागाच नव्हती, पण तेवढ्या कोनात रिव्हर्सला जोर दिला आणि मागचा कोपरा फळीभर अंतराने सुटला.

दांड्यावर २.८. फळ्या आता मागे वळून बघायच्या होत्या, मान दुखली.

२ एप्रिल

कार्ड नव्याने लिहिलं, जुनं पाण्याने फुगलं होतं. नवीन ओळी दोन : "डावी कूस लावायला सोपी, काढायला अवघड, ४५ अंश" आणि "फासा बोटीवर, साधं टोक सुटं". चारही दोरांच्या साध्या टोकाला भाच्याने लाल दोरा गुंडाळलाय. फेंडरची फळी वाळत घातलीय, एका बाजूला खांबाची खूण उमटली आहे, बोटीवर ओरखडा नाही.